धुऱ्यावरचा ठेका

नवरात्र बसलं की माझा उजवा पाय माझं ऐकेनासा होतो. शाळेत मी खुर्चीवर बसून वह्या तपासत असते, चेहरा अगदी गणिताच्या बाईंचा, आणि टेबलाखाली पाय आपला चालू. धप, धप, धप-धप. परवा पहिल्या बाकावरची एक पोरगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "मॅडमले बाहेर जायचं असन, पाय पाह्य कसा हालून राह्यला." दोघी खुदकन हसल्या. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. काय सांगणार त्यांना? की बायांनो, आज सकाळी जठारपेठेवरून पोपटांचा एक मोठा थवा ओरडत गेला, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही?

पोपट गेले की अकोल्यातले लोक वर बघतात, लेकरांना दाखवतात. मी बघते ती थव्याची दिशा. कुणाच्या वावरावर चालले आज हे मेले, हा माझा पहिला विचार. शेतकऱ्याच्या पोरीला पोपट देखणा वगैरे दिसत नाही. अर्धं कणीस खाणारा आणि अर्धं खाली सांडणारा उधळ्या, एवढीच त्याची आमच्याकडे ओळख. "खाईन तर खाईन, पन सांडते काहून?" असं बाबा तळमळून म्हणायचे. चोरीपेक्षा नासाडीचा राग जास्त.

त्यात येत्या रविवारी माझा ड्रम न्यायला माणूस येणार आहे. जुन्या सामानाच्या ग्रुपवर मीच फोटो टाकला होता. मूर्तिजापूरचे कुणी गृहस्थ आहेत. फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, हा एकच सेट आहे की पाच सेटांचे तुकडे?" राग आला, पण माणसाने विचारलं ते बरोबरच होतं. पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम लाल, समोरचा स्नेअर नुसता पत्र्याचा, टॉम निळा, पायाच्या झांजा तेवढ्या दुकानातल्या, आणि पायाखालच्या पेडलला तर रंगच नाही. एका जातीचं, एका गोतातलं त्यात काही नाही. तरी मी लिहिलं, "एकच आहे." तेवढं खोटं चालतं म्हटलं.

विकतेय, कारण इथे वाजवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची दोन खोल्यांची जागा. सहा वर्षांत चारेक वेळा वाजवला असेल. खालून घरमालकीणबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, आणि खरं सांगते, त्यांचा ठेका माझ्यापेक्षा पक्का आहे. आता बेस ड्रम आडवा पडलाय, त्यावर इस्त्रीचे कपडे. स्नेअर माळ्यावर. पेडल पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. ज्या वस्तू जमवायला मी अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा एस. टी. आणि रेल्वेने वणवण फिरले, त्या आता घरभर विखरून पडल्यात. एकेक करून आलेलं बहुधा एकेक करूनच विसरलं जात असावं.

तो हंगाम मात्र विसरला जात नाही. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष. घर तिवशाजवळच्या खेड्यात, कॉलेज अमरावतीला, आणि मी रोज एस. टी.त. घरात मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीआई, आई, बाबा आणि मी. घरात शब्द एकच चालायचा, मोठेबाबांचा. बाबा त्यांच्यापुढे कधी बोलले नाहीत. भीतीने नाही, सवयीने. मोठेबाबा काही म्हणाले की बाबा "हो दादा" म्हणायचे आणि टोपी नीट करायचे. लहानपणी मला त्याची चीड यायची. वाटायचं, या माणसाला स्वतःचं मत म्हणून काही आहे की नाही?

कॉलेजात आम्हा चौघींनी गाण्याचा ग्रुप काढला होता. गाणारी रेणुका, अमरावतीची, तोंडाने फटकळ. दिवाळीनंतर युवक महोत्सव होता आणि तिथे आम्हाला उभं राहायचं होतं. ड्रमवर मी होते, कारण मला एका जागी बसवत नाही आणि बाकी तिघींना गाता यायचं. कॉलेजचा सेट आठवड्यातून एकदा तासभर मिळायचा. तेवढ्यात रेणुकाचं निदान झालं होतं. "तुझा ठेका पळतो. आम्ही दुसऱ्या कडव्यात असतो आणि तू घरी पोचून जेवायला बसलेली असते." मग गंभीर होऊन म्हणाली, "स्वतःचा सेट बघ कुठून तरी. रोज वाजव. दिवाळीपर्यंत ठेका बसला नाही तर मी दुसरी पाहीन, आत्ताच सांगते."

स्वतःचा सेट! दुकानातला नवा करकरीत सेट काचेपलीकडून बघून आले होते, तेवढंच. तो काही आपल्या आवाक्यातला नव्हता. मग तुकडे. राजकमल चौकाजवळ राहणारा एक ऑर्केस्ट्रावाला लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसणार होता, त्याचा स्नेअर घेतला. तो देताना बायको आत गेलीय ना हे बघून हळूच म्हणाला, "ताई, पावसात नका नेऊ त्याले." टॉम चांदूर रेल्वेला सापडला, कुणाच्या तरी न्हाणीघरात, त्यात साबण ठेवलेले. आणि बेस ड्रम अकोल्याला, एका बंद पडलेल्या ब्रास बँडच्या गोदामात. बँडचं नाव त्यावर रंगवलेलं होतं, त्यातलं अर्धं खरवडून गेलेलं. मालक म्हातारा होता. "आता वरातीत नवं धुमाल-बँड चालते, बाई. याले कोनी पुसत नाई." ड्रम उचलून देण्याआधी त्याने तळहाताने एकदा वाजवला, कान लावून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबला. "लय वराती नेल्या यानं," म्हणाला. मग दोरी बांधून दिली.

तो ड्रम मी पॅसेंजरने बडनेऱ्याला आणला. मे महिना, डब्यात घामाचा आणि आंब्यांचा वास. मूर्तिजापूरला एक बाई टोपली घेऊन चढली, माझ्यासमोर बसली, आधी ड्रमकडे आणि मग माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"बँडवाली होय काय व तू?"

"हो, तसंच म्हणा."

"पोरी बी असतात आता बँडात?"

"असतात."

"आमच्या पोराचं तुळशीच्या लग्नानंतर काढलं हाये. कितीक मानसं हायेत तुमी?"

"सध्या मी एकटीच आहे, मावशी. बाकीचा बँड जमायचा आहे अजून."

ती हसली नाही. "जमला की सांग," म्हणाली आणि टोपलीतला एक आंबा काढून माझ्या हातात दिला. तो खाताना रस ड्रमवर सांडला. लाल रंगावर तो डाग अजून आहे, आणि मूर्तिजापूरच्या गृहस्थांना फोटोत तो दिसला नाही.

घरी एक दुपार मी स्नेअर आणि बेस ड्रम अंगणात मांडून वाजवले. एकच दुपार. मोठेबाबा झोपेतून उठून ओट्यावर आले. ओरडले नाहीत. "या घरात लग्न निघालं तर ढोल वाजन. तोवर नाई," एवढंच बोलले आणि परत जाऊन पडले. मी आईकडे पाहिलं, आईने तांदळाच्या सुपाकडे. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी नीट केली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि मला वाईट याचं वाटलं की कुणी आग्रहही केला नाही. बाबांनी गुपचूप ड्रम उचलून वावरातल्या कोठ्यात नेऊन ठेवले. कोठा म्हणजे ढोरांचा गोठा. रिकामाच होता. गाय आदल्या वर्षी गेली होती, बैलजोडी त्याच उन्हाळ्यात विकली होती, कारण नांगरटी-पेरणी सगळी ट्रॅक्टरवर. बेस ड्रम बैलांच्या गव्हाणीत असा चपखल बसला की जणू मापाने घडवलेला. मी चिडून म्हटलं, "छान. बैलाच्या जागी ढोल." बाबा म्हणाले, "रिकामं ठेवून काय कराव?"

मृगाचा पाऊस झाला, सगळ्या शिवारात सोयाबीन पेरलं गेलं. मोठेबाबांनी सोयाबीन, शेजाऱ्यांनी सोयाबीन, डोळा जाईल तिथवर सोयाबीन. बाबांच्या वाट्याला नाल्याकाठचे दोन एकर होते, त्यात काय पेरायचं तेवढं त्यांच्या मनावर असायचं. तिथे त्यांनी ज्वारी पेरली.

मोठेबाबा म्हणाले, "ज्वारी? पाखरं ठेवतीन का तुले?"

"कडबा होईन, दादा."

मोठेबाबांनी मान डोलावली. कडबा होईल, म्हणजे ढोरांना वैरण होईल. आमच्याकडे ज्वारी पेरताना हे वाक्य बोलायचंच असतं. आजोबा बोलायचे, त्यांचे वडील बोलत असतील. ओट्यावर बसलेल्या कुणालाच त्यात पुढे विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही नाही.

ज्वारी कशी वाढते हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. श्रावणात ती गुडघ्याला असते, तुम्ही तिच्यावरून नजर टाकता. भादव्यात ती तुमच्यावरून नजर टाकते. मग निसवते, कणसं बाहेर पडतात, दाण्यात दूध भरतं, आणि त्या दिवशी पाखरांना कोण पत्र पाठवतं देव जाणे. पोपट, चिमण्या, साळुंक्या. एकेकाळी गावभर ज्वारी असायची तेव्हा पाखरंही वाटली जायची. आता पंचक्रोशीत ज्वारी आमचीच, म्हणून पंचक्रोशीतली पाखरं आमचीच पाहुणी. बाबा सकाळपासून गोफण फिरवायचे, डबा बडवायचे, "हाऽऽ हुर्र" करून घसा बसवून घ्यायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी जेवताना, ताटात बघतच, बाबा म्हणाले, "दादा, डबा वाजोवून हात भरून येते. पोरीचं ते ढोलकं पडलंच हाये कोठ्यात. ते वाजोवत बसन धुऱ्यावर. पाखरं तरी उडतीन."

मोठेबाबांनी घास गिळला. "बसू दे. घरात तरी शांती राह्यते. पन पाखरं उडाली पाह्यजे."

"उडतीनच."

मला अजून आठवतं, माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. पहिल्यांदा या ड्रमला घरात काही काम मिळालं होतं. कॉलेजला तेव्हा चाचणी परीक्षेपूर्वीच्या सुट्ट्या आणि मग दिवाळी. हातात जेमतेम महिना. पाखरं उडाली तर ड्रम राहणार, ड्रम राहिला तर ठेका बसणार, ठेका बसला तर महोत्सव. सगळं त्या पोपटांच्या पंखांवर आलं.

पेडल तेवढं नव्हतं. तिवशाला रामदासभाऊंकडे गेले. ते वखर-डवऱ्यासारख्या शेतीच्या अवजारांचं वेल्डिंग करायचे. मी वहीत चित्र काढून दाखवलं, हे असं पाय दाबला की तो दांडा पुढे जाऊन आदळला पाहिजे. त्यांनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

"हे अवजार कोन्या पिकाले लागते?"

"ज्वारीला," मी म्हटलं.

"मंग मजबूत पाह्यजे." आणि त्यांनी ते खरोखर मजबूत केलं. सायकलची चेन, स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग, जुन्या डवऱ्याची पट्टी. आदळणाऱ्या गोळ्याला घरचाच कापूस गुंडाळला, वरून ट्यूबची पट्टी. दाबलं की ते कुईं करायचं. तेल घातलं तरी करायचं. दोन पायाच्या झांजा तेवढ्या मी अमरावतीच्या दुकानातून नव्या घेतल्या, शिकवणीच्या पैशातून. वरची एक मोठी झांज राहिलीच, म्हणून मोठीआईची पितळी परात बाभळीच्या फांदीला टांगली. मोठीआई दोन दिवस शेजारणीवर संशय घेत होती.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ताडपत्री, त्यावर ड्रम, बसायला संत्र्याचं प्लास्टिकचं क्रेट आणि वर दुमडलेलं पोतं. समोर डोक्याच्या वर ज्वारी. उन्हात तिचा एक गोडसर कोंदट वास येतो. मानेला ज्वारीची बारीक कूस टोचते, खाजवावं तर हात मोकळे नाहीत, म्हणून खांदा वाकडा करून कानाशी घासायचा आणि ठेका धरायचा. सकाळी ताडपत्री दवाने ओली असायची, अकरापर्यंत स्नेअरचा पत्रा असा तापायचा की हात लावला तर चटका बसे. माझ्या आयुष्यात मी एवढी अस्वस्थ आणि एवढी सुखी एकाच वेळी पुन्हा कधी झाले नाही, हे आज म्हणता येतं. तेव्हा नुसती अस्वस्थच होते.

पहिले दहा-बारा दिवस माझं वाजवणं म्हणजे आनंद होता. ठेका पळायचा, अडखळायचा, मध्येच काठी हातातून उडून ज्वारीत जायची. आणि पाखरं? मी हात उचलला की थवाच्या थवा भर्रकन वर! परातीवर एक घाव घातला की नाल्यापलीकडच्या बोरीवरचीही उडायची. बाबा दुसऱ्या टोकाकडून दोन्ही हात वर करून दाखवायचे, शाब्बास! रात्री मोठेबाबांना सांगायचे, "एक दाना खाऊ देत नाई पोरगी." मोठेबाबा "हूं" म्हणायचे. त्यांच्या तोंडून "हूं" म्हणजे इतरांची टाळी.

मग ठेका बसायला लागला. माझं मलाच कळत होतं. फोनमध्ये टिक-टिक लावायची आणि तिच्याबरोबर चालायचं, पुढे नाही, मागे नाही. पळायची ओढ पोटातून यायची, ती दाबून धरायची. एक दिवस मी पाच मिनिटं सलग, अगदी सरळ, काटेकोर वाजवलं. घाम गळत होता. मान वर केली तर समोरच्या कणसावर एक पोपट. बसलेला. तो दाणे सोलत होता. शेजारच्या कणसावर दुसरा. पलीकडे चिमण्यांची पंगत. माझ्या बेस ड्रमच्या धप-धपवर त्यांची जेवणं चालली होती.

मला आधी हसू आलं, मग मी काठ्या खाली ठेवल्या. पाखरू आवाजाला भीत नाही, ते भितं पुढे काय होईल ते ठाऊक नसलं तर. माझा ठेका पळत होता तोवर त्यांना माझा भरवसा नव्हता. आता त्यांना कळलं होतं की ही बाई काही करत नाही, एकसारखी धपधपत बसते. म्हणजे झालं काय, मी जितकी चांगली वाजवणार तितकी ज्वारी जाणार, आणि ज्वारी गेली की ड्रमही जाणार. रेणुकाला हवा बसलेला ठेका, मोठेबाबांना हव्या उडणाऱ्या चिमण्या. आता बोला!

मग मी लबाडी सुरू केली. बाबा लांबच्या टोकाला असले की सरळ वाजवायचं. त्यांची टोपी ज्वारीच्या वरून येताना दिसली की धिंगाणा. काठ्या आपटायच्या, परात बदडायची, पेडलवर उड्या. पाखरं उडायची, बाबा हात वर करायचे, आणि मला स्वतःची लाज वाटायची. त्याहून वाईट म्हणजे तो धिंगाणा हातात मुरायला लागला. कॉलेजात तालमीला गेले तर रेणुका मध्येच थांबली. "मागच्या वेळी बरी होतीस. आज अंगात आलं का?" एस. टी.त येताना मी खिडकीवर बोटांनी ठेका धरायचे, तो दर दोन मिनिटांनी उधळायचा. झोप नीट लागेना. एकीकडे दिवस संपत होते, दुसरीकडे खालच्या बाजूची कणसं पोकळ व्हायला लागली होती.

दिवाळीला चार-पाच दिवस असतील. सकाळचे नऊ-दहा. मी वैतागून ठरवलं, आज काय व्हायचं ते होवो. डोळे मिटले आणि आमचं अख्खं गाणं, रेणुकाचा आवाज मनात धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. पळाला नाही. एकदाही पळाला नाही. शेवटचा ठोका पडला आणि मी डोळे उघडले तर दहा पावलांवर बाबा उभे, खांद्यावर गोफण. आणि त्यांच्या-माझ्यामधल्या कणसांवर पोपटच पोपट. हिरवेगार. कुणी हलायला तयार नाही.

बाबांनी पोपटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाबा, मी..." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी मुद्दाम नाही हो केलं. ते उडतच नाहीत आता."

"दिसून राह्यलं."

"मोठेबाबांना सांगू नका. दिवाळीपर्यंत तरी."

त्यांनी खांद्यावरची गोफण काढली, वाकून ढेकूळ उचललं. "तू काहून थांबली?" म्हणाले. "वाजोव. थांबू नोको." आणि ज्वारीत शिरले. थोड्या वेळाने आतून त्यांचं "हाऽऽ हुर्र" ऐकू आलं, या टोकाला, मग त्या टोकाला. गुडघा दुखायचा त्यांचा. तरी त्या दिवसापासून मी धुऱ्यावर सरळ ठेका धरून बसायचे आणि ते माझ्याभोवती दोन एकरांत पाखरं हाकत फिरायचे. घरी मोठेबाबांनी विचारलं, "उडतात का पाखरं?" तर बाबा म्हणाले, "हो दादा." आणि टोपी नीट केली.

महोत्सवात आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पण ठेका पळाला नाही, हे रेणुकानेच सगळ्यांना सांगितलं. बाबा वावरातून परस्पर आले होते, मागच्या रांगेत बसले होते. बाहेर चहा पिताना म्हणाले, "इथं पाखरं नोती, तरी बरं वाजोलं तू." मी हसले. त्या माणसाच्या मनात पाखरांपलीकडे काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. ज्वारीचं नुकसान होऊ नये म्हणून धावत होते बिचारे, असंच मी धरून चालले. पुढे शिक्षण, नोकरी, अकोला. मोठेबाबा गेले. बाबांशी बोलणं फोनवर, तेही पाऊस, भाव, गुडघा.

आज संध्याकाळी बेस ड्रमवरचे इस्त्रीचे कपडे उचलले. रविवारी न्यायला येणार, तर पुसून ठेवावा म्हटलं. फडकं फिरवता फिरवता कडेला काहीतरी चिकटलेलं लागलं. गव्हाणीतली सुकलेली माती, इतक्या वर्षांची. नखाने खरवडली. आणि मला ती गव्हाण दिसली, रिकामी, धुतलेली, तिच्यात हा लाल ड्रम. मग कोठ्याबाहेरची कडब्याची गंजी दिसली, उन्हाळाभर तशीच पडून, पहिल्या पावसात काळी पडलेली. शेवटी बाबांनी ती कुणाला तरी फुकट नेऊ दिली होती.

हातातलं फडकं तसंच राहिलं. कडबा होईन, दादा. कोणासाठी हो? गाय नव्हती. बैल नव्हते. त्या वर्षी आमच्या कोठ्यात खाणारं एक तोंड नव्हतं!

लगेच फोन लावला. बाबा वावरातच होते, मागे वारा घोंगावत होता. मी काही विचारायच्या आत त्यांचीच कटकट सुरू झाली. "पाखराईनं लय उच्छाद मांडला व माय यंदा. एक कनीस सोडून नाई राह्यले."

"म्हणजे? यंदा ज्वारी पेरली?"

"पेरली. तिथंच, नाल्याजवय."

"कशाला पण?"

"कडबा होईन."

"ढोरं कुठं आहेत बाबा आपल्याकडे?" मी म्हटलं. "आणि तेव्हा तरी कुठं होती? मी ड्रम वाजवायचे तेव्हा? बैल विकले होते तुम्ही. तुम्हीही सोयाबीनच का नाही पेरलं?"

ते बोलले, काहीसे वैतागून, सोपं गणित न येणाऱ्या पोरीशी बोलावं तसे.

"सोयाबीनले पाखरं लागतात काय? मंग दादाले काय सांगून वाजोलं असतं तुनं?"

मी ड्रमशेजारी जमिनीवर बसले. आठ दिवसांत पहिल्यांदाच माझा पाय थांबला होता.

"हॅलो? काय झालं? आवाज नाई येऊन राह्यला तुहा."

"आहे, बाबा. रविवारी येते मी." मूर्तिजापूरच्या गृहस्थांना काय कळवायचं ते मी मनात जुळवत होते. "गाडी करून येते. सगळं सामान घेऊन."

"आन," ते म्हणाले. "बसाले तुह्यं क्रेट हाये इथंच, कोठ्यात."